बाबांना वर बघायला लावण्याचा उद्योग

माझं तोंड उघडं होतं म्हणून हे सगळं घडलं. एरवी मी कुणाला सहजासहजी हो म्हणणारा माणूस नाही. विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात आहे, त्यामुळे लोकांना नाही म्हणण्याचाच मला पगार मिळतो. पण दंतवैद्याच्या खुर्चीत माणूस आडवा पडलेला असतो. गालात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी आणि डोळ्यांवर दिवा. अशा अवस्थेत ‘हो’ काय आणि ‘नाही’ काय, दोन्हींचा उच्चार ‘आँ’ असाच होतो, आणि आमचे दंतवैद्य त्या ‘आँ’चा अर्थ आपल्या सोयीने लावतात.

त्या दिवशी दाढ कोरता कोरता त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

मी म्हटलं, "आँ."

"अजून तसेच? दिवसभर खुर्चीत?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दंतवैद्यांना वाटलं, भूल कमी पडली. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. त्यामुळे पुढचा बराच वेळ आपल्याला तोंड आहे की नाही हेच मला समजत नव्हतं, आणि नेमक्या त्याच वेळात त्यांनी मला ग्लायडरची सगळी माहिती सांगितली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आपण जमिनीवर उभं राहायचं, हातात रिमोट धरायचा आणि हवेच्या जोरावर ते जितका वेळ वर ठेवता येईल तितका वेळ ठेवायचं. शहराबाहेरच्या मैदानावर दर हंगामात त्याची स्पर्धा होते, आणि ती दर हंगामात दंतवैद्यच जिंकतात.

"वडिलांना घेऊन या," ते म्हणाले. "माणसाची नजर वर लागली की मनाला बरं वाटतं. माझे पेशंटच बघा ना, सगळे वर बघत असतात."

त्यांचा एकही पेशंट मी कधी आनंदी पाहिलेला नाही. पण मी ‘आँ’ म्हटलं, आणि त्यांनी माझं नाव ग्लायडरवाल्यांच्या क्लबात घातलं.

खरं सांगायचं तर भूल उतरल्यावर मला नाव काढून घेता आलं असतं. घेतलं नाही. आई गेल्यापासून बाबा बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीत बसून असायचे, तेही खिडकीकडे पाठ करून. हा माणूस आयुष्यभर वजन-मापे निरीक्षक होता. ते बाजारात शिरले की तराजूच्या दांड्या आपोआप सरळ व्हायच्या आणि कापडवाल्याचं मीटर लांब व्हायचं. घरातसुद्धा दूधवाल्याचं माप बघितल्याशिवाय त्यांनी कधी भांडं पुढे केलं नाही. आता त्यांना विचारलं, "बाबा, चहा ठेवू?" तर म्हणायचे, "चालेल." "की नको?" तरी म्हणायचे, "चालेल." चहा पातळ झाला, कडू झाला, बिनसाखरेचा झाला, सगळा चालायचा. ज्याला आयुष्यात काहीच चाललं नाही त्याला सगळं चालायला लागलं की घरात फार भीती वाटते.

ताई दुसऱ्या शहरात राहते. तिचा स्वभाव निकाल लावणारा आहे. ती फोनवर म्हणाली, "मी येते आणि बाबांना घेऊन जाते. माझ्याकडे बाग आहे, माणसं आहेत. तुमच्याकडे दिवसभर कोण असतं?" मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "इकडे बसलो काय, तिकडे बसलो काय."

मला बाबा जायला नको होते. ह्यात मोठं काही कारण नाही. आई गेली, तेव्हा घर अर्धं झालं होतं. उरलेलं अर्धं ताईच्या गाडीत बसून जाताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. बाबांनी स्वतःच्या तोंडाने "मी इथेच राहतो" म्हणावं एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी बाल्साच्या लाकडाची एक पेटी घेऊन घरी आलो.

बाल्सा हे लाकूड इतकं हलकं असतं की पेटी उचलल्यावर दुकानदाराने आपल्याला फसवलं अशी खात्रीच पटते. बायकोने पेटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही," ती म्हणाली.

"ह्यात खिळे नसतात. गोंद असतो."

"मग तर झालंच."

तिचं म्हणणं खोटं ठरवण्याच्या ईर्ष्येने मी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. पुढचे बरेच दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. टेबल खराब होऊ नये म्हणून मी खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि गोंद वाळल्यावर लक्षात आलं की पंख आणि वर्तमानपत्र आता एकजीव झालेले आहेत. खरवडून खरवडून बराचसा कागद निघाला, पण पंखाच्या पोटावर ‘बाजारात मोठी घसरण’ हा मथळा कायमचा राहिला. मी ह्यात अपशकुन पाहिला नाही. बायकोने पाहिला, आणि तसं बोलून दाखवलं.

गोंदाला वास फार. तो आधी जिन्यात गेला, मग खालच्या मजल्यावर इमारतीच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी हा मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाची आधी चौकशी करतो आणि मग जाहिरात. दोन दिवसांत अख्ख्या इमारतीत बातमी झाली की आई गेल्यापासून मला कसलंसं व्यसन लागलंय, काहीतरी हुंगायचं. त्यामुळे लोक आम्हाला भेटायला पुन्हा नव्याने येऊ लागले. आई गेली तेव्हा जे दारात उभे राहून गेले होते, ते आता आत येऊन बसले. बाबांकडे बघून उसासा टाकायचे, माझ्याकडे बघून मोठा उसासा टाकायचे आणि बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणायचे, "धीर सोडू नकोस."

"ग्लायडर करतायत ते," ती सांगायची.

"हो, हो. असंच सांगायचं असतं," म्हणून ते तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

सेक्रेटरी स्वतः आले तेव्हा मी त्यांना पंख दाखवला. तो त्यांनी उजेडात धरला, मथळा वाचला आणि म्हणाले, "उडवणार कुठे? इमारतीवरून नाही हं. परवानगी लागेल." परवानगी हा शब्द मी कचेरीत रोज दुसऱ्यांना ऐकवतो. तो स्वतःच्या कानात कसा वाजतो हे मला पहिल्यांदा समजलं.

घराजवळच्या बागेत सराव करावा म्हणून मी नगरपालिकेच्या उद्यान विभागात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "उडतं का?"

"उडावं अशी अपेक्षा आहे."

"मग आमच्याकडे नाही. आम्ही फक्त उगवणाऱ्याचं बघतो."

त्याने मला पोलिसांकडे पाठवलं. पोलिसांनी विचारलं, "इंजिन आहे?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ते विमान नव्हे, खेळणं. क्रीडा विभागात जा." क्रीडा विभागातल्या बाईंनी चष्मा वर केला. "एका बाजूला खेळाडू किती?"

"मी एकटाच."

"चेंडू?"

"चेंडू नसतो."

"मग हरलो हे कसं समजतं?"

"ते आपोआप समजतं," मी म्हटलं. बाईंना माझ्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटल्यासारखं दिसलं, पण परवानगी मिळाली नाही. शेवटी दंतवैद्यांनीच सुटीच्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर सरावाला यायला सांगितलं. बाबांना मी गाडीत घालून नेलं. "येता का?" "चालेल." घडीची खुर्ची उघडून त्यांना बसवलं. ते वर बघायला आले होते, पण बसल्या बसल्या त्यांनी नजर आपल्या चपलांवर लावली.

ग्लायडर वर चढवण्याची रीत अशी असते. लांबच लांब रबरी दोरी जमिनीत खुंटीला बांधायची, दुसरं टोक ग्लायडरच्या पोटातल्या आकड्यात अडकवायचं, मागे मागे जाऊन ताण द्यायचा आणि सोडायचं. थोडक्यात गलोल. उंचीवर गेलं की दोरी आपोआप सुटते आणि मग ग्लायडर, हवा आणि आपलं नशीब. मी सोडलं. ‘बाजारात मोठी घसरण’ झोकात वर चढली. मी रिमोटवरची काठी डावीकडे केली, ते उजवीकडे गेलं. आणखी डावीकडे केली, आणखी उजवीकडे गेलं.

"शेपटीच्या तारा उलट्या जोडल्यात का?" दंतवैद्य ओरडले.

"नाही! हवा उलटी आहे!" मी ओरडलो. माणूस अडचणीत सापडला की शास्त्राची पहिली आहुती पडते.

ग्लायडरने एक मोठं वर्तुळ घेतलं, नाक खाली केलं आणि बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर येऊन जमिनीत रुतलं. पंख निखळले. नाक चेपलं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा बाबा वाकून त्या अवशेषांकडे बघत होते. त्यांनी ते धड दोन बोटांवर तोललं आणि म्हणाले, "नाकात वजन कमी पडतंय."

इतक्या दिवसांत बाबांच्या तोंडून आपणहून आलेलं ते पहिलं वाक्य. मी तिथेच मातीत बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, "बाबा बोलले!" तिने हातातलं काम टाकून विचारलं, "काय बोलले?" मी म्हटलं, "नाकात वजन कमी पडतंय म्हणाले." तिने पदराने डोळे पुसले. मी तिला समजावलं की ही आनंदाची गोष्ट आहे. ती म्हणाली, "ते समजलं मला. तुम्ही आरशात बघा एकदा, कसे दिसताय."

आरशात मला नाकाला माती लागलेला एक अतिशय आनंदी मनुष्य दिसला. त्यात रडण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

माझं ग्लायडर दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं. दंतवैद्यांनी उदार मनाने आपलं एक जुनं मला दिलं. ते त्यांच्या नव्या ग्लायडरसारखंच होतं, तेच नारिंगी पंख, तीच शेपटी. शेजारी शेजारी ठेवली तर जुळी भावंडं. "जुनं आहे, पण गुणी आहे," ते म्हणाले. पेशंटला कवळी देताना ते हेच म्हणतात. बाबांनी मात्र त्या ग्लायडरला दत्तकच घेतलं. शिशाचे बारीक छर्रे आणायला लावले. पंख दोन बोटांवर टेकवून ते तोलायचे, एक छर्रा नाकात घालायचे, पुन्हा तोलायचे, मान हलवून छर्रा काढायचे. एकदा चहा तोंडाला लावून म्हणाले, "साखर जास्त झाली." बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. आम्ही दोघं त्या वाक्याकडे कौतुकाने बघत उभे राहिलो. आता ताईला फोन करून सांगावं, येऊ नकोस म्हणून, असं मी ठरवलंसुद्धा.

आणि मग एक दिवस वजन बरोबर जमलं. ग्लायडर बाबांच्या बोटांवर सपाट, न हलता, हवेत ठेवल्यासारखं राहिलं. बाबांनी ते खाली ठेवलं, हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहात मी मुद्दाम साखर जास्त घातली. चालली.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. स्पर्धेच्या दिवशीच ती येणार होती. परस्पर मैदानावर येईन, तुझं विमान बघीन आणि तिथूनच बाबांना घेऊन निघेन, म्हणाली. "त्यांची बॅग भरून ठेव."

बॅग बायकोने भरली. मी भरली नाही. मी त्या वेळी शेपटीच्या तारा तपासत होतो, म्हणजे तपासतोय असं दाखवत होतो.

आता एक आशा उरली होती. क्लबचा नियम असा आहे की प्रत्येक स्पर्धकाने आपला वेळ मोजणारा माणूस स्वतः घेऊन यायचा. ग्लायडर दोरीवरून सुटलं की घड्याळ सुरू करायचं, जमिनीला टेकलं की बंद करायचं, आणि जो आकडा येईल तो इमानदारीने सांगायचा. त्याला जोडून दुसरा नियम आहे. वेळ मोजणाऱ्याने उडवणाऱ्याशी एक शब्दही बोलायचा नाही. हा नियम म्हणे एका जुन्या स्पर्धेनंतर आला. तेव्हा बायका वेळ मोजत, आणि ग्लायडर हवेत असताना घरातले सगळे जुने विषय निघत. माझा वेळ मोजायला मी बाबांना घेतलं. बाबांच्या हातात मोजायचं काहीतरी असलं की ते जिवंत होतात, हे मी शिशाच्या छर्ऱ्यांवरून शिकलो होतो. शिवाय मोजायचं असेल तर वर बघावंच लागतं. ग्लायडर मी जितका वेळ वर ठेवीन तितका वेळ बाबांची नजर वर राहील. आणि तितक्या वेळात काहीतरी होईल, अशी माझी समजूत होती. काय होईल, ते मला सांगता आलं नसतं.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ मळकट होतं. मैदानावर स्पर्धक, त्यांचे नाइलाजाने आलेले नातेवाईक, आणि फाटकापाशी ताईची गाडी. ताई बाबांच्या पाया पडली, माझ्याकडे बघून "वाळलास," म्हणाली आणि बाबांची बॅग माझ्या गाडीतून काढून स्वतःच्या डिकीत ठेवली. क्लबचे अध्यक्ष पेशाने वकील आहेत. त्यांनी सगळे नियम कलमवार वाचून दाखवले, आणि बाबांनी ते कान देऊन ऐकले. नियम ऐकताना त्यांची पाठ जरा ताठ झाली. मी ते ताईला खुणेने दाखवलं. ताईला वाटलं, मी तिला सरळ उभी राहा म्हणून सांगतोय.

आमच्या फेरीत दोघेच होतो, मी आणि दंतवैद्य. त्यांचा वेळ मोजायला त्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारणाऱ्या बाई होत्या. आम्ही दोघांनी ग्लायडर जवळजवळ बरोबरच सोडली. तेवढ्यात ढग जरा विरले आणि ऊन पडलं. जमीन तापली की गरम हवेचा झोत वर चढतो. घारी त्यातच घिरट्या घालतात, पंख न हलवता. ग्लायडरवाल्यांचं सगळं कौशल्य म्हणजे तो झोत शोधायचा आणि त्यात गोल गोल फिरत राहायचं. दंतवैद्यांनी तो शोधला. मी दंतवैद्यांच्या मागे शिरलो. दोन नारिंगी ठिपके एकाच खांबाभोवती फिरल्यासारखे फिरू लागले, वर, आणखी वर.

मी चोरून बाबांकडे पाहिलं. घड्याळ हातात, मान मागे, नजर वर. आई गेल्यापासून बाबांचा चेहरा उजेडात मी पहिल्यांदा बघत होतो. माझ्या चष्म्यावर एकदम धुकं आलं. मी एका हाताने काठी डावीकडे दाबून धरली, दुसऱ्या हाताने चष्मा पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. ग्लायडर छान घिरट्या घालत होतं.

त्यानंतरचा वेळ माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम होता, हे मी आजही नाकारणार नाही. ग्लायडर माझ्या मनातलं ओळखायला लागलं होतं. मी वळवायचा विचार करायच्या आत ते वळायचं. झोत सुटतोय असं मला वाटायच्या आत ते नवा झोत शोधायचं. मी तर नुसता काठ्यांवर बोटं ठेवून होतो. माणूस आणि यंत्र एक झाले की असंच होत असावं, असं मी मनाशी म्हटलं. मोठमोठ्या साधकांना हिमालयात जाऊन जे मिळतं ते मला मैदानावर उभ्या उभ्या मिळालं होतं. मी चहाचा विचार करत नव्हतो, डिकीतल्या बॅगेचा करत नव्हतो. आईचासुद्धा करत नव्हतो. मी नुसता वर बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं.

मध्येच डोळ्यांच्या कोपऱ्यातून दुसरं ग्लायडर दिसलं. ते एकाच अंगावर गोल गोल कलत, वाऱ्याबरोबर लांब लांब जात, मैदानाच्या टोकाच्या झाडांमागे उतरून दिसेनासं झालं. बिचारे दंतवैद्य, माझ्या मनात आलं. एवढे वर्षानुवर्षांचे विजेते, आणि शेवटी झाडीत. माझ्यातला मोठेपणा जागा झाला. वर बघत बघतच मी त्यांना म्हटलं, "वाईट झालं हो."

"हो ना," दंतवैद्य वर बघतच हळूच म्हणाले. "वाईट झालं. पण तुम्ही फार खिलाडूपणाने घेताय."

मागे ताई बाबांना काहीतरी विचारत होती. बाबा तिला म्हणाले, "गप्प. चालू दे त्याचं." किती दिवसांनी बाबा कुणावर खेकसले होते! ते ऐकून मला आणखी जोर आला.

शेवटी ग्लायडर उतरायला लागलं. मी दात आवळून, काठ्या जिवापाड सांभाळत ते खाली आणलं. मैदानाच्या मधोमध एक खुणेचं वर्तुळ आखलेलं असतं, त्यात उतरलं तर जास्तीचे गुण. ग्लायडर पिसासारखं आलं आणि बरोबर वर्तुळात टेकलं. टाळ्या पडल्या. मी रिमोट गळ्यात लटकत ठेवला, दोन्ही हात वर केले, चारी दिशांना वाकून नमस्कार केला आणि धावत जाऊन ग्लायडर उचललं. टाळ्या जरा विचित्रपणे थांबल्या.

दंतवैद्य माझ्या मागोमाग आले. ज्या आवाजात ते ‘आता जरासं दुखेल हं’ म्हणतात, त्याच आवाजात म्हणाले, "ते माझं आहे."

मी ग्लायडरकडे पाहिलं. नाकात शिशाचा छर्रा नव्हता, आणि पोटावर दंतवैद्यांच्या दवाखान्याचा शिक्का होता.

"मग माझं?"

त्यांनी झाडांकडे बोट दाखवलं.

मी तोंडघशी पडण्याचे बरेच प्रकार अनुभवलेले आहेत. साहेबांसमोर, सासरी, एकदा लिफ्टमध्ये. पण दुसऱ्याच्या उड्डाणाचा नमस्कार चारी दिशांना करून झाल्यावर तो परत कसा घ्यायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा रिमोट गळ्यात लोंबत होता. अध्यक्षांनी बाबांना वेळ विचारला. बाबांनी घड्याळ पुढे केलं. आकडा अगदी किरकोळ होता. ग्लायडर झाडांमागे गेलं त्याच क्षणी त्यांनी घड्याळ बंद केलं होतं. वजन-मापे खात्यातला माणूस सख्ख्या मुलाच्या पारड्यातसुद्धा गुंजभर जास्त टाकत नाही. माझा नंबर शेवटचा आला.

मी बाबांजवळ गेलो. "बाबा, तुम्हाला दिसत होतं?"

"मग? वेळ मोजत होतो ना."

"मग सांगितलं का नाही? एवढा वेळ मी तिथे उभा राहून दुसऱ्याच्या विमानाला…"

"वेळ मोजणाऱ्याने बोलायचं नाही. नियम आहे." बाबांनी घड्याळ नीट खिशात ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू खूश दिसत होतास. तुझी बायको म्हणते, आई गेल्यापासून तू जेवताना ताटाकडे बघून बसतोस. ती रोज येऊन मला सांगते. मला काय करायचं सुचत नव्हतं. म्हटलं, आज बघतोय वर, तर बघू दे."

मी सगळा वेळ बाबांना वर बघायला लावण्याच्या उद्योगात होतो, आणि आमच्या घरात कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

ताई गाडीपाशी जाऊन दार उघडून उभी होती. "बाबा, चला. उशीर होईल पोचायला."

बाबा तिच्याकडे गेले. मीही मागोमाग गेलो, निदान बसताना दार धरावं म्हणून. गाडीपाशी पोचून बाबा थांबले आणि तिला म्हणाले, "मी नाही येत."

"म्हणजे? ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. पण ह्याला आपलं विमान कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं एवढं समजत नाही. ह्याला असा एकट्याला सोडून मी कसा येऊ?"

दंतवैद्य जवळच होते, त्यांनी शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं. दवाखान्यातल्या बाईंनी बघितलं नाही. माझे कान तापले. आता मी स्वतःच्या बाजूने पुष्कळ बोलू शकलो असतो. चष्म्यावर धुकं आलं होतं. दोन्ही ग्लायडर हुबेहूब सारखी होती. ऊन डोळ्यांवर होतं. मोठमोठ्या उडवणाऱ्यांकडूनही हे होतं, दंतवैद्यांनीच एकदा सांगितलं होतं. कचेरीत मी ह्याहून पोकळ कारणं सांगणाऱ्यांचे दावे नामंजूर केलेले आहेत, आणि ह्याहून भक्कम कारणं सांगणाऱ्यांचेही. जिभेवर सगळं तयार होतं.

ताई माझ्याकडे वळली. "खरंच समजलं नाही तुला? एवढा वेळ?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"नाही गं ताई," मी म्हटलं. "अजिबात नाही समजलं. मला एकट्याला काहीच जमत नाही."

ताईने बराच वेळ मला न्याहाळलं. मग गाडीच्या मागे गेली, डिकी उघडली आणि बाबांची बॅग बाहेर काढून माझ्या हातात दिली. बाबा तोपर्यंत झाडांच्या दिशेने चालायलाही लागले होते, ग्लायडर शोधायला. मागे न बघताच त्यांनी मला हाक मारली, "येतोस की तिथेच उभा राहणार आहेस?"

"आलो," मी म्हटलं, आणि बॅग घेऊन त्यांच्या मागे गेलो.